ब्लाउज उलटा करून बघा: हातानं भरलेलं काम ओळखायचं, घ्यायचं आणि करवून घ्यायचं कसं

२०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाच्या मॉडेलच्या पायात आपली चप्पल दिसली आणि कोल्हापूर पेटलं. कंपनीनं ना गावाचं नाव घेतलं होतं, ना करणाऱ्यांचं. ओरड झाल्यावर चपलेमागची प्रेरणा भारतीय कारागिरीची आहे हे त्यांनी मान्य केलं, त्यांची माणसं इथं येऊन कारागिरांना भेटूनही गेली. आपला राग रास्तच होता. पण त्याच लग्नसराईत, याच गावात, आरी वर्कचे, म्हणजे आकड्याच्या सुईनं भरलेले, ब्लाउज किती जणींनी करून घेतले असतील! त्यातल्या कितीजणींना सांगता येईल की त्या पाठीवरचा मोर कुणाच्या हातचा आहे? बुटिकचं नाव तोंडपाठ असतं. हात कुणाचा, ते विचारायचं असतं हेच मुळात सुचत नाही.

हा लेख हातानं केलेलं भरतकाम पहिल्यांदाच विकत घेणाऱ्यांसाठी किंवा करवून घेणाऱ्यांसाठी आहे. कारागिराचा मान राखायचा म्हणजे स्टेटसवर फोटो टाकून खाली हात जोडायचे, असं मला वाटत नाही. त्याला पुरेसा दाम मिळावा, पुरेसा वेळ मिळावा आणि कामावर त्याचं नाव राहावं. हे तिन्ही गिऱ्हाइकाच्या हातात आहे, फक्त माहिती हवी.

आधी विणलेलं आणि भरलेलं वेगळं काढा

इथंच बहुतेक नवखे अडखळतात. पैठणीच्या पदरावरचा मोर विणलेला असतो, माग चालू असतानाच तो कापडाबरोबर तयार होतो. इरकलीच्या पदरावरचे लाल-पांढरे पट्टेही मागावरचेच. भरतकाम म्हणजे कापड तयार झाल्यावर त्यावर सुईनं चढवलेलं काम. दोन्हींचे कारागीर वेगळे, मजुरी वेगळी, आणि दोन्हींची नक्कलही वेगळ्या रीतीनं होते. हल्ली ‘पैठणी ब्लाउज’ म्हणून जे मिळतं त्यातले बरेच मोर मागावरचेही नसतात आणि सुईचेही नसतात, ते कॉम्प्युटर मशीनचे असतात.

म्हणून लेबल वाचताना जरा सांभाळून. हँडलूम मार्क २००६ पासून आहे. तो सांगतो की कापड हातमागावर विणलंय. सिल्क मार्क २००४ पासून आहे. तो सांगतो की रेशीम खरं आहे. वर केलेलं भरतकाम हाताचं की मशीनचं, याबद्दल दोन्ही शिक्के एक अक्षर बोलत नाहीत. दुकानदार मात्र तोच शिक्का दाखवून ‘ताई, हे बघा, सगळं ओरिजिनल’ म्हणणार. शिक्का खरा, बोलणं अर्धं.

मग कापड उलटं करा

महाद्वार रोडच्या दुकानात काऊंटरवर साडी पसरली की सगळ्यांचे डोळे सुलट्या बाजूवर असतात. तुम्ही पदराचं टोक उचलून खालची बाजू बघा. दुकानदाराला जरा राग येईल, येऊ दे.

कॉम्प्युटर मशीनमध्ये वरचा दोरा आणि खालचा बॉबिनचा दोरा असे दोन वेगळे दोरे असतात. त्यामुळे वर पोपटी, लाल, जांभळी फुलं असली तरी उलट्या बाजूला बहुधा एकाच रंगाचा, बऱ्याचदा पांढरा, दोरा दिसतो. कापड गोळा होऊ नये म्हणून मागं कागदासारखं पातळ अस्तर लावलेलं असतं. ते फाडून काढलं तरी टाक्यांच्या कडेला त्याचे तुकडे अडकून राहतात. नखानं खरवडलं की समजतं. आणि वीस फुलं असली तर विसाव्या फुलाची पाकळी पहिल्यासारखी, तंतोतंत.

हाताच्या कामात वर जो दोरा तोच खाली. एका फुलावरून दुसऱ्यावर दोरा गेला असेल तर मागं तो आडवा दिसतो, कुठं गाठ दिसते. फुलं एकमेकांच्या बहिणी दिसतात, पण जुळ्या नाहीत. मागची बाजू गबाळी असली म्हणजेच काम हाताचं, हे मात्र खोटं. चांगल्या हाताची मागची बाजू इतकी नीट असते की क्षणभर फसायला होतं.

एक अडचण आधीच सांगते. साखळी टाक्याच्या बाबतीत ही परीक्षा पुरी पडत नाही. साखळी टाका घालणारं मशीनही असतं. त्याला बॉबिन नसतो आणि त्याची उलटी बाजू हाताच्या आरीसारखीच, एकेरी रेघेची दिसते. तिथं टाक्यांची लांबी बघायची. वळणावर हाताचा माणूस टाका बारीक करतो, सरळ रेषेत जरा मोकळा सोडतो. मशीनचा टाका वळणावरही आपल्या मापातून हलत नाही.

मशीनचं काम वाईट असतं असं माझं म्हणणं नाही. रोज नेसायच्या साडीला ते झकास. भांडण आहे ते मशीनचं काम हाताचं म्हणून, हाताच्या भावात विकण्याशी. तसं विकलं गेलं की खरं काम करणाऱ्याचा दर पडतो.

डोळा तयार करायला शेजारघरची कसुती

नवख्यानं सुरुवात कुठून करावी असं कुणी विचारलं तर मी लखनौ, कच्छच्या आधी धारवाडचं नाव घेते. हायवेनं कागल, निपाणी, बेळगाव करत गेलं की दोनशे किलोमीटरच्या आत धारवाड. आपल्या आज्ज्या ज्या इरकली नेसायच्या, त्यांच्यावरची खास भरणी म्हणजे कसुती. तिला २००६ साली भौगोलिक निर्देशांक, म्हणजे जीआय मिळाला. पूर्वी लग्नाच्या रुखवतात काळी चंद्रकळा द्यायची रीत होती आणि तिच्यावर कसुती असायची. गोपुर, रथ, अंबारीचा हत्ती, तुळशी वृंदावन, मोर, कमळ ही त्यातली नेहमीची नक्षी. आपल्याकडे जुन्या ट्रंकेत अशी एखादी साडी निघण्याची शक्यता बरीच आहे, आधी घरात बघा.

कसुती शिकायला सगळ्यात चांगली यासाठी की तिच्यात लपवायला जागाच नाही. कापडावर आधी छाप मारत नाहीत, पेन्सिलीनं काढून घेत नाहीत. कापडाचे उभे-आडवे धागे डोळ्यानं मोजायचे आणि सुई घालायची. टाके चार. गवंती म्हणजे दुहेरी धावदोरा. सुई एक घर सोडून एक घर भरत जाते आणि परत येताना सुटलेली घरं भरत येते. त्यामुळं रेघ दोन्ही बाजूंनी सारखी दिसते आणि गाठ कुठंच मारावी लागत नाही. मुर्गी म्हणजे जिन्यासारखी पायऱ्यापायऱ्यांची रेघ, तीही दोन्ही बाजूंनी सारखी. नेयगी टाका विणल्यासारखा दिसतो. मेंथी म्हणजे फुलीचा टाका, जाड भरणीसाठी.

गवंतीचं एक झाड जवळून बघा. बाई खोडावरून वर जाते, वाटेत पहिली फांदी भरते, फांदीच्या टोकाला पोचून तिथूनच परत फिरते, खोडावर येते, पुढच्या फांदीला लागते. शेवटी सगळ्या सुटलेल्या जागा भरत जिथून निघाली तिथंच येते. जायच्या वाटेत एक धागा चुकीचा मोजला तर यायच्या वाटेत रेघ जुळत नाही आणि अख्खी फांदी उसवावी लागते. डोक्यात पूर्ण नकाशा असल्याशिवाय हे होत नाही. म्हणून कसुती भरणाऱ्या अक्कांना ‘कामवाल्या बायका’ म्हणून जे ऑनलाइन दुकानवाले उल्लेख करतात, त्यांचा मला संताप येतो.

आता परीक्षा. ‘कसुती साडी’ म्हणून समोर आली की बारीक रेघांची नक्षी निवडा आणि उलटी करा. गवंती, मुर्गी असेल तर दोन्हीकडे तीच नक्षी हवी. मागं पांढऱ्या दोऱ्याचं जाळं दिसलं तर नक्षी कसुतीची आहे, काम मशीनचं. छापील कसुतीही निघाली आहे, ती तर बोट फिरवलं तरी कळते. फुलीच्या आणि भरीव टाक्यांची उलटी बाजू मात्र वेगळी दिसणारच, तिथं शंका घेऊ नका. शिफॉन, क्रेपसारख्या कापडाचे धागे डोळ्यानं मोजता येत नाहीत. तिथं वर जाळीदार कापड टाचून त्यावर मोजून भरतात आणि मग जाळीचे धागे एकेक ओढून काढतात. हीही हाताचीच रीत, फसवणूक नव्हे.

आरी वर्कचा ब्लाउज करवून घेताना

माझ्या बघण्यात तरी कोल्हापुरात हाताच्या भरतकामाची मोठी उलाढाल आज इथंच आहे, म्हणून इथं जरा रेंगाळते.

काम होतं ते असं. लाकडाच्या चौकटीवर, म्हणजे अड्ड्यावर, कापड ढोलकीसारखं ताणतात. नक्षी आधी ट्रेसिंग पेपरवर काढून तिच्या रेघांवर सुईनं भोकं पाडतात, हा झाला खाका. तो कापडावर ठेवून रॉकेलमध्ये कालवलेली पांढरी पावडर किंवा नीळ बोळ्यानं फिरवली की ठिपक्या-ठिपक्यांनी नक्षी उतरते. मग माणूस मांडी घालून बसतो. उजव्या हातात आरी, टोकाला बारीक आकडा असलेली. डावा हात कापडाखाली, दिसतच नाही, तो दोरा धरून असतो. आरी खाली जाते, खालचा हात दोरा तिच्या आकड्यात अडकवतो, आरी फास घेऊन वर येते. पुढच्या वेळी त्याच फासातून खाली. मणी लावायचा असेल तर आरीच्या टोकावर आधी तो चढवतात. हे इतकं भराभर चालतं की बघणाऱ्याला फक्त सुईचं टकटक ऐकू येतं. जरदोसीत दबका, नक्शी असल्या धातूच्या तारेच्या स्प्रिंगा कापून मण्यासारख्या शिवतात, त्याला आणखी वेळ.

आता तुम्ही काय करायचं.

कापड शिवलेलं नेऊ नका आणि कापलेलंही नेऊ नका. आधी टेलरकडून अखंड कापडावर मापं आखून घ्या: गळा, पाठ, बाह्या, शिलाईची जागा सोडून. मग ते आरीवाल्याकडं द्या. काम झालं की कापायचं, अस्तर लावायचं, शिवायचं. गळ्याची खोली नंतर बदलायची म्हटलं तर भरलेली नक्षी कापली जाते, आणि मग दोष कारागिराच्या माथी मारला जातो. टेलर आणि कारागीर यांचं फोनवर एकदा बोलणं करून द्या, निम्मी भांडणं तिथंच मिटतात. कापड अगदी पातळ असेल तर खाली सुती कापड घालून ताणायला सांगा, नाहीतर मण्यांच्या वजनानं ते फाटतं.

तारीख लग्नाची सांगू नका, शिवून हातात हवी ती सांगा, आणि तीही आधीची सांगा. तुळशीचं लग्न झालं की सगळ्यांची लग्नं सुरू होतात आणि प्रत्येकीला ‘अर्जंट’ हवं असतं. अर्जंट म्हणजे काय, तर ट्यूबलाइटखाली रात्री दोनपर्यंत बसलेला कुणीतरी. त्याच्या डोळ्यांचं आणि कमरेचं जे व्हायचं ते होतं, आणि तुमच्या ब्लाउजची रेघही रात्रीच्या कामात हलते. पितृपक्षात नवं कापड घेऊ नये म्हणतात, ठीक आहे. पण तेव्हा अड्डे मोकळे असतात, जाऊन नक्षी ठरवून यायला कोण अडवतंय?

काम प्रत्यक्ष कुठं होतं ते विचारा. राजारामपुरीतल्या बुटिकमध्ये ऑर्डर दिली म्हणजे तिथंच भरलं जातं असं नाही. कधी ते गावातल्याच एखाद्या ताईंकडं जातं, क्लासमध्ये आरी शिकून घरी अड्डा टाकलेल्या. कधी बंगाल, उत्तर प्रदेशातून आलेल्या कारागिरांच्या खोलीवर जातं. दोन्ही उत्तरं चांगलीच. वाईट उत्तर एकच, ‘ते तुम्हाला काय करायचंय’. शक्य झालं तर जाऊन बघा. उजेड कसा आहे, हवा येते का, बसायला गादी आहे का, हे एका नजरेत कळतं. तिथं अड्ड्यावर लहान पोरं बसलेली दिसली तर काम देऊ नका आणि १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनला कळवा. चौदा वर्षांखालच्या मुलांना असं कामाला लावणं कायद्यानं बंद आहे.

आणि आपलं हिंदी कितीही कोल्हापुरी असू दे, ‘ओ भय्या’ करण्याऐवजी एकदा नाव विचारा. पुढच्या खेपेला नावानं हाक मारली की समोरचा माणूस आपणहून सांगतो, ‘दीदी, ये डिझाइन पीठ पे भारी पडेगा, थोडा कम करते हैं’. असला सल्ला विकत मिळत नाही.

भावाचा हिशोब स्वतः मांडा

बुटिकचा आकडा ऐकून ‘बापरे’ म्हणायच्या आधी, किंवा फार स्वस्त पडलं म्हणून खूश व्हायच्या आधी, कागद घ्या. समजा ब्लाउजची पाठ आणि दोन बाह्या मिळून दोन माणसांचं चार दिवसांचं काम आहे. म्हणजे आठ दिवसांची मजुरी. तुमच्या घरी रंगकाम करायला येणारा माणूस दिवसाचे किती घेतो, तो आकडा इथं घाला. समजा ७०० रुपये. झाले ५,६००. मणी, जरी, दोरा, समजा ८००. एकूण ६,४००. यात दुकानाचं भाडं, बुटिकवालीचा वेळ, तिचा नफा अजून धरलेलाच नाही. आता तेच काम तुम्हाला कुणी २,००० मध्ये देत असेल तर एकतर ते मशीनचं आहे, नाहीतर मजुरी कुणाची तरी बुडाली आहे. तिसरी शक्यता मला तरी दिसत नाही.

रंगाऱ्याची मजुरी आपण मुकाट देतो आणि सुईवाल्याशी घासाघीस करतो, याचं कारण एवढंच की सुईचं काम घरातल्या बायका फुकट करत आल्या.

बजेट कमी असेल तर काय? काम कमी करा, मजुरी नको. पूर्ण पाठीऐवजी फक्त गळ्याची कड भरा. बाहीवर जाळीची दाट नक्षी असेल तिथं सुट्या बुट्ट्या घ्या. कारागिरालाच विचारा, ‘माझ्याकडं एवढे पैसे आहेत, यात काय चांगलं बसेल?’ घासाघीस करून पूर्ण नक्षी पदरात पाडलीत तर ती मोकळ्या टाक्यांची येणार, मण्यांच्या मध्ये बोटभर अंतर असणार. तो तरी काय करेल.

सामानापुरती उचल आधी द्या, अर्धी रक्कम दिली तर उत्तमच. निम्मं काम झालं की एकदा बघून या, बदल सांगायचे ते तेव्हाच. उरलेले पैसे ताबा घेतानाच. ‘लग्न झाल्यावर देते’ हे वाक्य प्रत्येक अड्ड्यावर ऐकायला मिळतं आणि त्यातले किती पैसे कायमचे अडकलेत ते त्यांनाच ठाऊक. पसंत पडलेलं काम असेल तर वर थोडे जास्त ठेवा, आणि ते मालकाच्या हातात न ठेवता काम करणाऱ्याच्या हातात ठेवा.

नाव

बिलावर किंवा छोट्या चिठ्ठीवर तीन गोष्टी लिहून मागा: काम कुठलं, कुठं झालं, कुणी केलं. पहिल्यांदा दुकानदार हसेल. चार गिऱ्हाइकांनी मागितलं की छापून ठेवेल. फोटो इंस्टाग्रामवर टाकताना मेकअपवाली, फोटोग्राफर, मेंदीवाली सगळ्यांना टॅग करतो, त्याच ओळीत भरणाऱ्याचंही नाव घाला. पण त्याला विचारून. काही कारागिरांना नाव नको असतं, ठेकेदाराला कळलं की थेट गिऱ्हाईक घेतो म्हणून काम तोडतील ही भीती असते. त्याचा निर्णय तो घेईल, आपण फक्त विचारायचं. आणि आठवणीनं लग्नातला एक फोटो त्याला पाठवा. भरलेला मोर अंगावर कसा दिसला हे बघायला त्याला सहसा मिळत नाही.

एका कारागिरानं काढलेली नक्षी मोबाइलमध्ये टिपून दुसऱ्याकडं स्वस्तात भरून घेणं हा प्रकार आपल्याकडं राजरोस चालतो. मिलानला जे झालं त्याचीच ही गल्लीतली आवृत्ती. नक्षी आवडली आणि काम दुसरीकडं द्यायचं असेल तर नक्षीचे पैसे वेगळे द्या.

सरकारदरबारी नाव लागणं हीसुद्धा कामाची गोष्ट आहे. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसाय आहेत. त्यात शिंपी आहेत, चर्मकार आहेत, भरतकाम स्वतंत्रपणे नाही. भरतकाम करणाऱ्यांसाठी केंद्राच्या विकास आयुक्त (हस्तशिल्प) कार्यालयाचं ‘पहचान’ ओळखपत्र असतं. तुमच्या ओळखीच्या ताईंकडं ते नसेल तर अर्ज भरायला मदत करा. फॉर्म भरणं तुम्हाला दहा मिनिटांचं काम, त्यांना नाही.

लांबचं काम घेताना

प्रदर्शनात किंवा ऑनलाइन इतर प्रांतांचं काम घ्याल तेव्हा प्रत्येकाची एकेक खूण लक्षात ठेवली तरी पुरे.

लखनौच्या चिकनकारीला २००८ साली जीआय मिळाला. एका कुर्त्यामागं शिवणारा, ठशानं निळीचा छाप मारणारा, भरणाऱ्या बायका आणि शेवटी छाप धुऊन काढणारे धोबी अशी साखळी असते. भरणाऱ्या बहुतेक घरी बसून, नगावर काम करतात आणि साखळीत सगळ्यात कमी त्यांच्याच हाती पडतं. खूण म्हणजे बखिया: टाका मागं भरलेला असतो आणि वर त्याची सावली दिसते. जाळी बघा, खऱ्या जाळीत धागे सुईनं बाजूला सारून घट्ट बांधलेले असतात, कापड कापलेलं नसतं. फंदा आणि मुर्री हे दाणे बोटाला लागले पाहिजेत. २०२४ मध्ये लखनौच्या नसीम बानो यांना चिकनकारीसाठी पद्मश्री मिळाली. म्हणजे या कामातही नावं असतात, दुकानात ती सांगत नाहीत एवढंच.

कच्छचं काम म्हणून सगळं एका टोपलीत टाकू नका. रबारी, आहिर, जत, मुतवा, सोढा यांचे टाके आणि आरसे लावायची रीत वेगवेगळी. सोढांचं सूफ काम कसुतीसारखंच धागे मोजून, तेही मागच्या बाजूनं भरतात. विक्रेत्याला फक्त ‘कुठल्या समाजाचं काम?’ असं विचारा, उत्तर देता आलं तर तो मूळ गावापर्यंत पोचलेला आहे. भुजजवळ अजरखपूरला श्रुजन संस्थेचं एलएलडीसी (लिव्हिंग अँड लर्निंग डिझाइन सेंटर) हे संग्रहालय आहे. गुजरातला जाणं झालं तर तिथं अर्धा दिवस ठेवा. लमाणी-बंजारा कामात कर्नाटकातल्या संडूरच्या भरतकामाला जीआय आहे. पंजाबची फुलकारीही मागूनच भरतात, मशीनची फुलकारी बाजारात इतकी आहे की उलटी बाजू बघितल्याशिवाय घेऊच नका.

जीआयचा अर्थही नीट समजून घ्या. तो नावाचं रक्षण करतो. ‘कसुती’ किंवा ‘कोल्हापुरी’ हे नाव कुणी वापरावं एवढंच त्यात ठरतं. आपल्या चपलेला २०१९ मध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटकच्या चार-चार जिल्ह्यांसाठी मिळाला तो हाच. त्या शिक्क्यानं मजुरी ठरत नाही. ती तुम्हालाच विचारावी लागते.

आणि आपली वाकळ

बंगालच्या कांथाचं कौतुक करताना आपल्याला घरच्या वाकळीची आठवण येत नाही. दोन्हींची कुळकथा एकच: जुनी लुगडी, साड्या एकावर एक अंथरायच्या आणि धावदोऱ्यानं शिवायच्या. बंगालात नक्षी कांथाला २००८ मध्ये जीआय मिळाला, प्रीतिकणा गोस्वामी यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. आपल्याकडं वाकळ शिवणारी मावशी अजून ‘दोन दिवसांचं काम, काय द्यायचं ते द्या’ म्हणते.

तिच्याकडून शिवून घ्यायची असेल तर ‘काय द्यायचं ते द्या’ हे ऐकून गप्प बसू नका, वरचाच हिशोब मांडा आणि आकडा आधी बोला. कापड धुऊन, वाळवून, काठ-जरी काढून द्या. जरीवर सुई अडते आणि अंगाला टोचते. पॉलिस्टरच्या साड्या सांगून वेगळ्या ठेवा, त्या घसरतात आणि थर हलतो, सुती तेवढ्याच द्या. रंग कुठला वर घ्यायचा हे तिच्यावर सोपवा. बऱ्याच जणी कडेनं सुरुवात करून चौकोनात आत आत येत शिवतात, त्या ओळींमधलं अंतर म्हणजेच तिची सही. बारीक ओळी हव्या असतील तर आधी सांगा, वेळ दुप्पट लागतो आणि पैसेही तसेच.

जपणूक आणि डागडुजी

आपल्याकडच्या पावसाळ्यात धातूची तार काळी पडते. जरदोसीचा ब्लाउज प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नका, जुन्या मऊ सुती धोतरात किंवा मलमलीत गुंडाळा, भरलेली बाजू आत, मध्ये कापडाचा थर. डांबराच्या गोळ्या जरीजवळ नकोत. अत्तर, स्प्रे अंगावर आधी मारा, वाळू द्या, मग ब्लाउज घाला. इस्त्री उलट्या बाजूनं, खाली जाड टॉवेल. कसुतीची इरकल पहिल्यांदा धुताना एकटी, गार पाण्यात. लाल रंग सुटतो. चिकनकारी हातानं धुवा आणि पिळू नका.

आरीच्या कामात एक मणी सुटला तर तो लगेच दुरुस्त करून घ्या. साखळी टाका एका टोकानं ओढला की सरसर उसवत जातो, आज एक मणी आणि पुढच्या लग्नात अख्खी वेल. सुटलेलं टोक दिसलं तर ओढू नका, तोडू नका. मागच्या बाजूला सुईनं घेऊन त्याच्या शेवटच्या फासातून एक गाठ मारा, तेवढ्यावर ते थांबतं. मग ज्यानं भरलं त्याच्याकडंच न्या, त्याच्याकडं तोच दोरा आणि तेच मणी उरलेले असतात. नवीन काम ताब्यात घेतानाच थोडे मणी आणि वावभर दोरा मागून चिठ्ठीबरोबर एका पुडीत ठेवा, आणि पुडीवर कारागिराचं नाव आणि नंबर लिहा. कारागीर ईदला किंवा सुगीला गावी गेलेला असू शकतो, तर फोन करूनच जा.